नवा स्पेक्ट्रो घेण्याआधी प्रिंटरला दोनदा तेच छापायला लावा

लग्नाच्या फोटोत शालूचा राणी रंग जांभळट उतरला, किंवा कृष्णधवल फोटोला हिरवट झाक आली, की सल्ला ठरलेला असतो: प्रोफाइल करायचं यंत्र (छापलेले रंग मोजणारा स्पेक्ट्रो) जुनं झालंय, वरचं मॉडेल घ्या. सल्ला कधी कधी बरोबर निघतो. बऱ्याचदा मात्र दोष यंत्राच्या अलीकडे असतो: शाईत, कागदात, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये किंवा दुकानातल्या दिव्यात. तो दोष नवं यंत्र जास्त अचूक मोजून ठेवतं, दुरुस्त करत नाही.

ज्यांना हा प्रश्नच लागू नाही त्यांना आधीच मोकळं करू. तुमचे अल्बम बाहेरच्या लॅबमध्ये छापले जात असतील, मग ते रासायनिक फोटोपेपरवर असोत की न फाटणाऱ्या एनटीआर शीटवर डिजिटल प्रेसमधून, तर प्रिंटर प्रोफाइल करायचं यंत्र तुमच्या काहीच कामाचं नाही. प्रिंटर लॅबचा, त्याची देखभाल लॅबची. तुमच्याकडे फक्त मॉनिटर जुळवायचं छोटं यंत्र हवं आणि फाइल एसआरजीबी या सर्वसामान्य रंगमानकात पाठवायची सवय हवी. लॅबने स्वतःचं प्रोफाइल दिलं असेल तर ते पडद्यावर प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते, बघण्यापुरतं वापरा. पुढचं सगळं, स्वतःच्या टेबलावर फोटो प्रिंटर असलेल्यांसाठी.

प्रोफाइल म्हणजे नेमकं काय

आपण प्रिंटरला रंग पाठवत नाही, आकडे पाठवतो: लाल २००, हिरवा १२०, निळा ९०. त्या आकड्यांचा कागदावर कोणता रंग होईल हे प्रिंटर, शाई आणि कागद मिळून ठरवतात. म्हणून ठरावीक आकड्यांचे शंभर, चारशे किंवा हजार रंगीत चौकोन छापायचे, सुकू द्यायचे आणि प्रत्येक चौकोनावरून परत येणारा प्रकाश स्पेक्ट्रोने मोजायचा. मग सॉफ्टवेअर एक तक्ता तयार करतं: हा आकडा पाठवला तर हा रंग मिळतो, आणि उलट, हा रंग हवा असेल तर हा आकडा पाठवा. हा तक्ता म्हणजेच आयसीसी प्रोफाइल. फाइलचा हा प्रकार ठरवणारी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि कुठल्याही कंपनीचं यंत्र घेतलं तरी शेवटी हीच फाइल तयार होते.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. प्रोफाइल नुसतं प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद, ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार आणि क्वालिटी, या पाचांचं मिळून ते एक असतं. पाचातलं एक बदललं की प्रोफाइल शिळं. टँकच्या प्रिंटरमध्ये मूळ शाई संपल्यावर इथे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून स्वस्त बाटली आणून ओतली, की यंत्र कितीही भारी असलं तरी जुनं प्रोफाइल बाद.

पैसे जास्त दिले की काय जास्त मिळतं

छोट्या गटात कलरमंकी आणि त्याचे वारसदार येतात. कलरमंकी २००८ मध्ये आलं, पुढे ते आय-वन स्टुडिओ झालं आणि २०२१ मध्ये कॅलिब्राइटच्या नावाने कलरचेकर स्टुडिओ म्हणून बाजारात आलं. नाव बदललं, आतलं मोजमाप जवळपास तेच राहिलं. त्यामुळे कपाटात चालू कलरमंकी असताना कलरचेकर स्टुडिओ घेणं याला वरचं मॉडेल घेणं म्हणताच येत नाही. जुनं यंत्र नव्या संगणकावर चालेना, एवढंच त्याचं समर्थन होऊ शकतं. आणि त्यावरही फुकटचा उपाय आहे, तो पुढे येईल.

मोठ्या गटात आय-वन प्रो: २०१२ चं आय-वन प्रो २ आणि २०१९ चं आय-वन प्रो ३. इथे तीन गोष्टी खरोखर वेगळ्या मिळतात. वेग: पट्टीला धरून एक ओळ काही सेकंदांत वाचली जाते, त्यामुळे सातशे-आठशे चौकोनांचा चार्टसुद्धा कंटाळा न येता संपतो. सातत्य: दोन वेगवेगळ्या यंत्रांची मापं एकमेकांशी फार जवळ येतात. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: कागदातल्या चकाकीच्या रसायनांचा हिशेब धरून मोजणं. आय-वन प्रो २ त्यासाठी ओळ दोनदा वाचायला लावतं, प्रो ३ एका फेरीत काम करतं. प्रो ३ चं 'प्लस' मॉडेल पोलराइझ्ड फिल्टरने कॅनव्हास किंवा खडबडीत कागदावरची चमक वगळून मोजतं. कॅनव्हास छापत नसाल तर त्याकडे बघूही नका.

आधी ही चाचणी

प्रश्न साधा आहे: तुमचा प्रिंटर आज जे छापतो तेच पुढच्या आठवड्यात छापतो का? छापत नसेल तर अचूक मोजमाप म्हणजे गुजरीतल्या सोनाराचा काटा गुऱ्हाळावर नेऊन गुळाच्या ढेपा तोलणं.

वीस-पंचवीस चौकोनांची एक पट्टी बनवा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या अकरा पायऱ्या, लाल-हिरवा-निळा-सायन-मजेंटा-पिवळा हे सहा शुद्ध रंग, त्वचेच्या तीन-चार छटा आणि तुमच्या कामात सतत येणारे रंग: कुंकवाचा लाल, मोरपंखी, हळदीचा पिवळा. ही पट्टी आज छापा, तीन दिवसांनी छापा, आठवड्याने छापा, एकदा हेड क्लीनिंगनंतर आणि एकदा नवी बाटली ओतल्यावर छापा. सेटिंग प्रत्येक वेळी तेच. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असेल तर चोवीस तास सुकू द्या. मग तुमच्याकडे असलेल्या जुन्या स्पेक्ट्रोने सगळ्या पट्ट्या मोजा. इथे जुनं यंत्र पुरतं, कारण आपण त्याच्या मापाची त्याच्याच मापाशी तुलना करतोय.

दोन मापांतला फरक डेल्टा ई या एककात येतो. 'डेल्टा ई २०००' या सूत्राने काढलेला फरक १ च्या आसपास असेल तर शेजारी शेजारी ठेवूनही कसाबसा दिसतो. २ ते ३ झाला की गिऱ्हाईकालाही दिसतो, करड्या रंगात तर त्याआधीच. सरासरी फरक १ च्या खाली आणि सगळ्यात वाईट चौकोन २ च्या आत राहत असेल, तर तुमचा प्रिंटर चांगल्या यंत्राच्या लायकीचा आहे. सरासरीच २ किंवा वर जात असेल तर यंत्राचे पैसे खिशातच ठेवा.

यंत्रच नसेल तर करड्या पट्ट्या कात्रीने कापून कडेला कड लावा आणि दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी बघा. करड्यातला हिरवट-गुलाबी फरक डोळ्याला लगेच कळतो.

फरक जास्त आला तर पहिला संशय नोझलवर, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांवर, घ्या. सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये, उदाहरणार्थ एप्सन एल-८०५ किंवा एल-८०५० मध्ये, फिका सायन किंवा फिका मजेंटा अर्धवट तुंबला तर गडद रंग ठीकच दिसतात, पण त्वचा आणि करडा बिघडतात. पिवळ्याच्या तुटलेल्या रेषा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. नोझल चेकचा कागद निळ्या उजेडात धरा, त्या काळपट होऊन दिसतात. दुसरा संशय शाईच्या बाटलीवर, तिसरा कागदाच्या वेगळ्या लॉटवर.

आणि मग पावसाळा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवेत पाणीच असतं. उघड्या पाकिटातला फोटोपेपर ते शोषतो, कडा वळतात, डाय शाई सुकायला वेळ लागतो आणि गडद चौकोनांच्या कडा किंचित पसरतात. एप्रिलमध्ये केलेल्या प्रोफाइलने जुलैत थोडी वेगळी छटा दिली तर त्यात यंत्राचा दोष नाही. कागद मूळ पाकिटात, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा. पावसाळ्यात चार्ट मोजण्याआधी एक नव्हे, दोन दिवस थांबा.

चार्ट छापतानाच्या चुका

नव्या यंत्राने केलेलं प्रोफाइलही वाईट निघालं, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा कारण बहुतेक इथे सापडतं.

प्रोफाइल करायच्या आधी ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार ठरवावा लागतो, कारण शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं. दुसऱ्या कंपनीचा २६० किंवा २७० जीएसएमचा ग्लॉसी कागद असेल तर ड्रायव्हरच्या यादीत त्याचं नाव नसणार. यादीतल्या दोन-तीन ग्लॉसी प्रकारांवर तीच करड्या पायऱ्यांची पट्टी छापा. जिथे सगळ्यात गडद काळा मिळतो, काळ्याजवळच्या दोन-तीन पायऱ्या वेगळ्या दिसतात आणि शाई साचून चिकट किंवा तांबूस चकाकी येत नाही, तो प्रकार निवडा आणि कागदाच्या पाकिटावर पेनने लिहून ठेवा. शाई जास्त पडून काळ्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या असतील तर प्रोफाइल त्या पुन्हा वेगळ्या करू शकत नाही.

चार्ट छापताना रंगव्यवस्थापन, म्हणजे सॉफ्टवेअरने किंवा ड्रायव्हरने आकडे स्वतःहून बदलणं, पूर्ण बंद हवं. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट', कॅननमध्ये कलर मॅचिंग 'नन'. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीतून चार्ट छापू नका. सीएस-५ पासून तिथे रंगव्यवस्थापन बंद ठेवायचा पर्यायच काढून टाकलाय. प्रोफाइलच्या सॉफ्टवेअरमधूनच छापा किंवा अडोबीची फुकट कलर प्रिंटर युटिलिटी वापरा. आकार १०० टक्के, 'फिट टू पेज' बंद.

मोजताना चार्टखाली त्याच कागदाच्या तीन-चार कोऱ्या शीट ठेवा, नाहीतर टेबलाचा रंग पातळ कागदातून मापात उतरतो. हात घाईने ओढला की यंत्र ओळ नाकारतं, ते बरं. वाईट म्हणजे ओळ स्वीकारली जाते पण शेजारचा चौकोन थोडासा मिसळतो. म्हणून शेवटी सॉफ्टवेअरने दाखवलेले सगळ्यात जास्त चूक असलेले चौकोन बघून त्या ओळी पुन्हा वाचा.

प्रोफाइल तयार झाल्यावर उलटी चूक होते. फोटो छापताना फोटोशॉपमध्ये प्रोफाइल निवडलं आणि ड्रायव्हरचं रंगव्यवस्थापनही चालू राहिलं, की दुरुस्ती दोनदा होते. चेहरे लालसर-गुलाबी, रंग भडक. असा फोटो पाहून कुणी नवं यंत्र घ्यायला निघाला असेल तर त्याला ड्रायव्हरच्या खिडकीपाशी परत आणा.

कागदातली निळसर चकाकी

वरच्या मॉडेलचा खरा वाद इथे आहे. बऱ्याच पांढऱ्याशुभ्र फोटोपेपरमध्ये चकाकी आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. कागद जास्त पांढरा वाटतो. तुमच्या कागदात ती आहेत का हे कळायला प्रयोगशाळा नको. महाद्वार रोडवरच्या बऱ्याच दुकानांत नोटा तपासायचा यूव्ही दिवा असतो. अंधारात कागद त्याखाली धरा. निळा-जांभळा लखलखला तर रसायनं आहेत; मंद, मळकट दिसला तर नाहीत किंवा नगण्य आहेत.

अतिनील न मोजणारं यंत्र, जसं कलरमंकी, ही चकाकी बघतच नाही. या पद्धतीला एम-२ म्हणतात. जुनं आय-वन प्रो टंगस्टन दिव्याने मोजायचं, म्हणजे थोडं अतिनील मोजायचं, ती एम-०. दिवसाच्या उजेडाइतकं अतिनील धरून मोजणं म्हणजे एम-१. ही नावं आयएसओ १३६५५ या मानकात २००९ मध्ये ठरली. एम-० मध्ये एक ओळखीचा दोष येतो: यंत्राला कागद निळा दिसतो, प्रोफाइल तो निळेपणा मारायला पिवळा घालतं आणि फिके करडे पिवळट होतात.

मग एम-१ घ्यावंच का? फोटो कुठे लागणार ते बघा. घरातल्या आणि दुकानातल्या साध्या एलईडी दिव्यांत अतिनील जवळजवळ नसतं. तिथे कागदातली रसायनं झोपलेलीच असतात, आणि स्वस्त कलरमंकीचं एम-२ माप त्या उजेडाशी उलट जास्त जुळतं. दिवाणखान्यात देवीच्या फोटोशेजारी किंवा स्टुडिओच्या भिंतीवर फ्रेम लागणार असेल तर एम-१ साठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. एम-१ कामाला येतं ते दिवसाच्या उजेडात किंवा प्रमाणित प्रकाशपेटीत रंग जुळवून दाखवावे लागतात तेव्हा: छापखान्यासाठी प्रूफ, कॅटलॉग, मोठ्या खिडक्यांच्या दालनातलं प्रदर्शन. आणि कागद शंभर टक्के कापसाचा, रसायनाविना असेल तर तिन्ही पद्धतींची मापं जवळपास एकच येतात.

चौकोन किती पुरतात

कलरमंकीचं स्वतःचं सॉफ्टवेअर पन्नास चौकोन छापतं, ते मोजून प्रिंटरचा स्वभाव ओळखतं आणि त्यावरून दुसरे पन्नास ठरवतं. नीट वागणाऱ्या प्रिंटरला आणि रोजच्या फोटोंना शंभर पुरतात, हे लोकांना खरं वाटत नाही. चौकोन वाढवण्याचा खरा फायदा करड्यांत आणि गडद छटांत दिसतो. कृष्णधवल फोटो रंगीत शायांतून छापत असाल तर करड्यांचे जादा चौकोन हवेतच. पण प्रिंटर डळमळीत असेल तर हजार चौकोन तोट्याचे: सॉफ्टवेअर त्या डळमळीलाच प्रिंटरचा स्वभाव समजतं आणि आकाशासारख्या सलग छटांत पट्टे उमटतात.

आता फुकटचा उपाय. अर्गिलसीएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर कलरमंकी, त्याचे वारसदार आणि जुनी आय-वन प्रो यंत्रं चालवतं. कलरमंकीसाठी ए-४ कागदावर साधारण नव्वद, दाट मांडणीत दोनशे दहा चौकोन बसवता येतात. तीन पानांत सहाशेच्या वर गेलात, तेही जुन्या यंत्राने. बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. क्रम मात्र ठरलेला आहे. टार्जेन चौकोन ठरवतं, प्रिंटटार्ग पान मांडतं, चार्टरीड मोजतं, कॉलप्रॉफ प्रोफाइल बनवतं आणि प्रोफचेक ते किती बसलं ते सांगतं. वरच्या चाचणीतल्या दोन पट्ट्यांची तुलना कॉलव्हेरिफाय करतं. विंडोजवर यंत्राचा ड्रायव्हर बदलावा लागतो. तो बदलला की कंपनीचं सॉफ्टवेअर यंत्र ओळखत नाही, पुन्हा मूळ ड्रायव्हर लावावा लागतो. यात गोंधळून यंत्र बिघडलं म्हणून टाकू नका.

वरचं मॉडेल कुणाला शोभतं

चित्रांच्या प्रतिकृती छापणाऱ्यांना. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात निसर्गचित्रांच्या प्रती मागणारे आजही आहेत, आणि जलरंगातला धूसर करडा-हिरवा जरा सरकला तरी चित्रकाराला खपत नाही. तिथे मूळ चित्र शेजारी ठेवून तुलना होते. वेगवेगळे कागद, प्रत्येकाचं प्रोफाइल, पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा स्थिर प्रिंटर, हे सगळं असेल तर आय-वन प्रो ३ किंवा चांगल्या स्थितीतलं प्रो २ पैसे वसूल करतं. दुसऱ्यांसाठी प्रोफाइल करून देण्याचा धंदा असेल तर वेगासाठीच ते हवं.

गुजरीतल्या दागिन्यांचे फोटो छापणाऱ्यांनी मात्र थांबावं. कोल्हापुरी साजाची झळाळी हा रंग नसतो. तो उजळ ठिपका आणि शेजारची गडद छटा यांतला फरक असतो. तो प्रकाशयोजनेत मिळतो, प्रोफाइलमध्ये नाही. राणी रंगाचंही तसंच. आधी जुळवलेल्या मॉनिटरवर फोटो आणि खरा शालू एकत्र बघा. पडद्यावरच जांभळट असेल तर कॅमेऱ्याने तो तसा टिपलाय. पडद्यावर बरोबर असेल तर सॉफ्टप्रूफ (पडद्यावरचं प्रूफ) आणि गॅमटची, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांच्या मर्यादेची, सूचना चालू करा. रंग शाईच्या आवाक्याबाहेर असेल तर कुठलंही यंत्र तो आत आणणार नाही. असे रंग आवाक्यात बसवायच्या पर्सेप्च्युअल आणि रिलेटिव्ह या दोन्ही पद्धतींनी छापून बघा, मॅटऐवजी ग्लॉसी कागद घ्या.

हिशेब कागदावर मांडा. समजा वरच्या मॉडेलला एक लाख रुपये जास्त लागतात, तुम्ही सहा कागद वापरता आणि वर्षातून दोनदा प्रत्येकाचं प्रोफाइल करता. तीन वर्षांत ३६ प्रोफाइल, एकाला सुमारे २,८०० रुपये. कागद दोनच असतील तर १२ प्रोफाइल, एकाला आठ हजारांच्या वर. तेवढ्यात कुणाकडून तरी प्रोफाइल करून घेणं स्वस्त पडतं: चार्ट छापा, सुकवा, दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवून पाठवा, गुंडाळी करू नका. चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक यंत्र घेणंही शक्य आहे. प्रोफाइल रोज करायचं नसतंच.

जुनं यंत्र विकत घेत असाल तर आय-वन प्रोच्या बाबतीत आधी पांढऱ्या टाइलचा तळ बघा. त्यावरचा क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक एकच हवा. प्रत्येक यंत्र त्याच्याच टाइलशी जुळवलेलं असतं, दुसऱ्याची टाइल लावली तर सगळी मापं चुकतात. टाइलवर ओरखडा किंवा पिवळेपणा नको. कलरमंकीत टाइल आतच असते, ती कटकट नाही. एकच करडा चौकोन यंत्र न हलवता दहा वेळा मोजून बघा. आकडे दशांशात हलायला हवेत, पूर्णांकात नव्हे. यंत्र तपासायचं आय-वन डायग्नोस्टिक्स हे सॉफ्टवेअर चालवून दाखवायला सांगा. विकणारा संगणकाला जोडून दाखवायला तयार नसेल, तर सौदा तिथेच सोडा.